आपल्या सोयीचा दिनक्रम

घरातल्या ठरलेल्या वेळा धरून आखलेला दिनक्रमच टिकतो. राष्ट्रीय सांख्यिकी कार्यालयाच्या २०२४ च्या वेळवापर पाहणीनुसार देशात घरकाम करणाऱ्या स्त्रिया त्यासाठी दिवसाला सरासरी २८९ मिनिटे देतात, पुरुष ८८ मिनिटे. नोकरी, शेती आणि स्वतःसाठीचा वेळ उरलेल्या तासांत बसवावा लागतो. म्हणूनच हा विषय आम्हाला महत्त्वाचा वाटतो.

या अंकातली मांडणी साधी आहे. नळाचे पाणी, मुलांची शाळेची रिक्षा, ऑफिसची लोकल या न हलणाऱ्या वेळा आधी लिहून काढाव्यात. मग एकेका वेळेला एकच छोटी सवय जोडावी. रात्री भाजी निवडून आणि कडधान्य भिजत घालून ठेवले, की सकाळी डब्याची घाई कमी होते. ती वाचलेली मिनिटे चालण्यासाठी किंवा निवांत चहासाठी राखता येतात. रात्रपाळीची परिचारिका आणि पहाटे शेतावर जाणारी बाई यांना एकच वेळापत्रक चालणार नाही. शिवाय घरातल्यांनी कामे वाटून घेतली, तरच कोणताही दिनक्रम निभावतो. वाचकांनी आपापली आखणी आम्हाला जरूर कळवावी.