उंबरा ओलांडाल तर



वस्ती जळाली की दुसऱ्या दिवशी जीपगाड्या येतात. साहेब उतरतात, पुढारी उतरतात, आमच्यातलेच दोन-चार पाळीव उतरतात. राख अजून गरम असती. आणि सगळ्यांच्या तोंडी एकच वाक्य: कायदा हातात घेऊ नका.

मी विचारतो, हे वाक्य काल रात्री कुठं झोपलं होतं? ज्यांच्या हातात रॉकेलचे डबे होते त्यांना जाऊन कुणी सांगितलं का? ज्याची पाठ फुटली त्यानं शांतता राखायची, आणि ज्यानं फोडली त्यानं शांतता समितीच्या खुर्चीवर बसून चहा प्यायचा. वा रे न्याय!

मी सूतगिरणीत रिंग फ्रेमवर राबतो. शाळा दहावीपर्यंत. वकील नाही, वकिलाचा कारकूनही नाही. कविता लिहायला लागलो तेव्हा जसा एकेक शब्द चाचपडत शिकलो, तसंच तिसऱ्या पाळीच्या सुट्टीत एकेक कलम शिकलो. त्यात जे सापडलं ते जीपवाल्यांनी आपल्याला कधी सांगितलं नाही. सांगणारही नाहीत. म्हणून मी सांगतो.

घराच्या उंबऱ्यावर कायदा आधीच तुमच्या हातात दिलेला आहे.

१८६० ची भारतीय दंड संहिता, कलम ९६ ते १०६: खाजगी बचावाचा हक्क. १ जुलै २०२४ पासून तिच्या जागी भारतीय न्याय संहिता आली. कलमांचे आकडे ३४ ते ४४ झाले. हक्क तोच. पहिलंच कलम सांगतं की बचावासाठी केलेलं कृत्य गुन्हा नाही. बचाव कुणाचा? स्वतःच्या अंगाचा. दुसऱ्या कुणाच्याही अंगाचा, म्हंजे शेजारणीचाही. आणि मालमत्तेचा, म्हंजे चोरी, लूट, नासधूस, बेकायदा घुसणं यांच्यापासून. पहिला घाव बसेपर्यंत थांबायचं बंधनही नाही. धोक्याची खरीखुरी भीती उभी राहिली की हक्क सुरू.

आता जुनं कलम १०३, नवं ४१ नीट वाचा. सूर्य मावळल्यावर घर फोडून घुसणारा, किंवा माणसं राहतात तिथं आग लावणारा, यांना रोखताना त्यांचा जीव गेला तरी हा हक्क पुरतो. मर्यादा आहेत, त्या पुढं सांगतो. पण "माणसं राहतात तिथं" म्हंजे कुठं? कायद्यातले शब्द आहेत इमारत, तंबू किंवा जहाज. तंबू, दोस्तांनो! पाल आलं, खोपटं आलं. आग लावणाऱ्याला अडवण्याआधी सातबारा दाखव, असं तिथं कुठं लिहिलेलं नाही.

२७ जुलै १९७८ ला विधिमंडळानं विद्यापीठाच्या नामांतराचा ठराव केला आणि मराठवाड्यात आमची घरं पेटली. २९ सप्टेंबर २००६ ला खैरलांजीत जमाव एका झोपडीवर चालून गेला. आई, मुलगी, दोन मुलगे मारले. त्या घराचा गुन्हा एवढाच की तिथल्या बाईनं मारहाणीच्या प्रकरणात साक्ष दिली, आणि जमिनीवरचा हक्क सोडला नाही. पक्कं घर बांधू दिलं नव्हतंच. पुढं कोर्टानं शिक्षा दिल्या, पण अॅट्रॉसिटीचा कायदा लावला नाही. म्हंजे चार जीव गेले आणि जात मात्र सुटली.

काही शहाणे म्हणतील, एका घरानं जमावापुढं काय केलं असतं? एका घरानं काहीच नाही. पण दुसऱ्याच्या अंगाचा बचाव हाही हक्क आहे. एका घरावर चालून येणाऱ्यापुढं शंभर घरं उभी राहिली तर ती दंगल होत नाही, तो बचाव होतो. बाबासाहेबांनी समता सैनिक दल काय नुसत्या कवायतीसाठी उभं केलं होतं?

आता माझ्याच बाजूच्या पोरांशी भांडतो. जी म्हणतात, कायदा त्यांचा, कोर्ट त्यांचं, एकाला दोन जाळा. मित्रा, तुझा राग मला कळतो, माझाही तोच आहे. पण ऐक. पळणाऱ्याच्या मागं धावून त्याच्या आळीत गेलास की बचाव संपला, हल्ला सुरू झाला. गरजेपेक्षा जास्त मारलंस की हक्क संपला. पोलीस गाठायला वेळ होता आणि गाठले नाहीस, तरी हक्क संपला. म्हणून ११२ ला फोन कर. ते उचलोत, न उचलोत, फोन केल्याची नोंद राहती. २० मार्च १९२७ ला महाडात आपल्या माणसांची डोकी फुटली. सूड घ्यायला हात शिवशिवत होते. बाबासाहेबांनी ते आवरले. तळ्याचा दावा १७ मार्च १९३७ पर्यंत लढवला आणि हायकोर्टात जिंकला. ह्याला भेकडपणा म्हणायची कुणाची छाती आहे? आणि त्यांच्या घरातही एक म्हातारी आणि एक तान्हं पोर असतंच. ते जाळून आपण माणूस राहत नाही.

आमच्या वस्तीचंच घ्या. जयंतीत गाणं वाजवलं म्हणून रात्री पंधरा-वीस जण आले. निम्मे बाप्ये तिसऱ्या पाळीला. माझ्या काकीच्या दाराची कडी लाथेनं मोडली. पहिला आत आला तसा काकीनं मुसळ घातलं, मनगट गेलं. बाकीचे फिरले. काकी उंबऱ्याबाहेर पाऊल टाकून गेली नाही. सकाळी ठाण्यात गेलो तर त्यांची फिर्याद रात्रीच लिहून झालेली, आमची दुपारी घेतली. काकी आरोपी. क्रॉस केस. आता रोज निरोप येतात: तुम्ही अॅट्रॉसिटी मागं घ्या, ते मनगट मागं घेतील.

ही तडजोड म्हंजे दुसऱ्यांदा दार मोडणं आहे. बचाव होता हे दाखवायचं ओझं काकीवर आहे, खरं. पण सरकार पक्षाइतकं जड नाही. बचावाची शक्यता जास्त, एवढं कोर्टाला पटलं तरी पुरे. मोडकी कडी, तिचा फोटो, फोनची नोंद, पंचनाम्यात उंबऱ्याच्या आत सांडलेलं रक्त, ह्या गोष्टी काकीच्या बाजूनं बोलतात. पंजाबातल्या एका खटल्यात २०१० साली सुप्रीम कोर्टानं म्हटलंय की चालून आलेल्या संकटापुढं भेकडासारखं वाग, असं कायदा सांगत नाही. मेकॉलेनं १८३७ च्या मसुद्यात लिहिलं होतं की ह्या देशातल्या लोकांत मर्दानी बाणा जागवायचाय. तो आमच्या वस्तीत लुगडं नेसून दारात उभा राहिला, तर त्याच्यावर केस!

आणि वर्दीतला माणूस घुसला तर? १० डिसेंबर २०२४ ला परभणीत संविधानाच्या प्रतिकृतीची विटंबना झाली, आणि त्यानंतर पोलीस आपल्याच वस्त्यांत घुसले. अटकेतला कायद्याचा एक विद्यार्थी १५ डिसेंबरला कोठडीतच मेला. नोकरीच्या नावानं आलेल्या सरकारी माणसावर, जिवाची किंवा जबर दुखापतीची भीती असल्याशिवाय, हा हक्क चालत नाही. तिथं मुसळ काढू नका, मोबाईल काढा. नव्या नागरिक सुरक्षा संहितेचं कलम १०५ म्हणतं की झडतीचं चित्रण झालंच पाहिजे. कलम ४३ म्हणतं की सूर्य मावळल्यावर बाईला अटक नाही. अगदीच गरज असेल तर महिला अधिकाऱ्यानं लेखी अहवाल देऊन मॅजिस्ट्रेटची आधी परवानगी घेतली पाहिजे. ती मागा. मोठ्यानं मागा, गल्लीला ऐकू जाईल अशी.

अजून एक. अॅट्रॉसिटी कायद्याचे १९९५ चे नियम, नियम ३. अत्याचाराचा धोका असलेल्या भागात सवर्णांचे शस्त्रपरवाने रद्द करता येतात, आणि गरज वाटली तर आपल्या माणसांना परवाने देता येतात. हे सरकारनंच छापलंय! तुमच्या जिल्ह्यात असे किती परवाने रद्द केले, किती दिले, माहितीच्या अधिकारात अर्ज टाकून विचारा. फिर्याद घ्यायला मुद्दाम टाळणाऱ्या अधिकाऱ्याला त्याच कायद्याच्या कलम ४ खाली सहा महिने ते एक वर्ष कैद आहे. तेही विचारा.

तेव्हा निवेदनं पुरे झाली. दर रविवारी विहारात वंदना झाली की एक कलम वाचा, दुसऱ्या रविवारी पाठ म्हणून घ्या. आधी बायांना शिकवा, कारण दार मोडतं तेव्हा घरात त्या असतात. काकीच्या तारखेला कोर्टाच्या आवारात वस्तीतली शंभर माणसं दिसली पाहिजेत, गप्प उभी, हातात कलमाचा कागद. आपण कुणाचा उंबरा ओलांडणार नाही. आपला कुणाला ओलांडू देणार नाही.

जयभीम!