एकसष्टचा हिसका

या आठवड्यात बीडमध्ये एका क्लासवाल्याचा फलक दिसला: ‘शून्याचा शोध लावणारे आपल्या बीडचे भास्कराचार्य’. शून्य त्यांच्या कितीतरी आधीचं. त्याचे नियम ब्रह्मगुप्ताने ६२८ सालीच लिहून ठेवले. आणि भास्कराचार्यांचं गाव विज्जलवीड म्हणजे बीड की चाळीसगावजवळचं पाटण, हा वाद या जागेत घालून झालाय. नातू चांगदेवाचा शिलालेख पाटणला आहे, एवढं लिहिलं म्हणून काही वाचकांनी अजून अबोला धरलाय. असो. मिरवायचंच असेल तर १,७६,६३,१९,०४९ हा आकडा मिरवा.

एखाद्या संख्येचा वर्ग घ्या, त्याला ६० ने गुणा, एक मिळवा. येणारं उत्तरही पूर्ण वर्ग हवं. ४ चा वर्ग १६, साठपट ९६०, अधिक एक ९६१, म्हणजे ३१ चा वर्ग. झालं! ६० ऐवजी ६२ घेतले तर ८ वर काम भागतं, ६३ चा वर्ग येतो. आता मधला ६१ घ्या. दोन सालस शेजाऱ्यांमध्ये हे एक खट कार्टं. शंभरात सापडत नाही, लाखात नाही, कोटीत नाही. सर्वांत लहान संख्या निघते २२,६१,५३,९८० आणि तिच्यावरून येणारा वर्ग असतो वरच्या दहा अंकी संख्येचा. सेकंदाला एक संख्या तपासत रात्रंदिवस बसलात, तरी सात वर्षं जातील.

भास्कराचार्यांनी ११५० च्या ‘बीजगणिता’त ती चक्रवाल या फेऱ्याफेऱ्यांच्या रीतीने गाठली. ८ चा वर्ग म्हणजे ६१ अधिक ३. पुढच्या फेरीत ३९ चा वर्ग १५२१, म्हणजे ६१ गुणिले २५, वजा ४. त्या ४ ची विल्हेवाट ब्रह्मगुप्ताच्या रीतीने. पडताळ्याची सुरुवात नऊ टाकून करा: २२,६१,५३,९८० ला नवाने नि:शेष भाग जातो, मोठ्या संख्येत १ उरतो. वर्गातही १ च उरणार, आणि हवा तोच आहे.

१६५७ मध्ये फर्माने हाच ६१ युरोपात कोडं म्हणून घातला. या समीकरणाला नाव मात्र मिळालं पेल या गणितीचं, ऑयलरच्या गैरसमजुतीमुळे. म्हणजे चुकीचे फलक तिकडेही रंगतातच.

पाच सेकंदांत उत्तर देणाऱ्या क्लासांवर माझा राग जुना आहे आणि तो कमी व्हायचं लक्षण नाही. पोराला एकदा ६१ घेऊन तासभर बसवा. वैतागेल, पण आकडा किती हट्टी असतो हे कळेल. त्यातूनही ज्यांचं पोर हुशार आहे, त्यांनी १०९ द्यावा. तोही फर्माने विचारला होता. तिथे मोठी संख्या पंधरा अंकी येते. उत्तर विचारायला मला फोन करू नये.

– आकडेमोडकर