अडीच किलोचा तवा

गेल्या मे महिन्यातली गोष्ट. आई चिपळूणहून येणार होती म्हणून मी स्वारगेटला गेले. एसटी लागली, सगळे उतरले, कंडक्टरही उतरला आणि आमच्या मातोश्री आपल्या खिडकीशी बसूनच.

"वर ये जरा. पायाशी पिशवी आहे, ती घे."

मी चढले, पिशवीला हात घातला आणि खांदा निखळायचाच बाकी राहिला. "काय आणलंयस काय? जांभा?"

"घरी गेल्यावर बघ."

मला वाटलं कुळथाचं पीठ, आमसुलं, फणसपोळी असा नेहमीचा कोकणी माल असेल. तो होताच. पण त्याच्या खाली, पेपरात गुंडाळून, बिडाचा तवा! आमच्या घरचा. मला दात आल्यापासून मी ज्याच्यावरची घावनं खाल्ली, तोच.

"मला कशाला? तुला लागतो ना?"

"राहू दे. तुझ्या त्या काळ्या तव्याचं निम्मं कोटिंग पोटात गेलंय तुझ्या."

विषय संपला. आता मुलगी अठ्ठाविशीची झाली की आईने दिलेल्या प्रत्येक भांड्यात तिला हिंट दिसते. मलाही दिसली. 'संसाराची तयारी' टाइप. त्यामुळे मी तो तवा मनातल्या मनात चिडून फ्रीजवर ठेवला आणि पुढचे तीन आठवडे डेडलाइन, पोहे आणि बाहेरून मागवलेलं जेवण यावर काढले.

जूनमध्ये पाऊस सुरू झाला आणि एक दिवस रूममेट ओरडली, "अगं, तुझा तवा भगवा झालाय!"

गंज. आईने इतकी वर्षं जपलेल्या तव्याला मी तीन आठवड्यांत गंज आणला होता. फोनवर कबुली दिली तर आई हसली. "रडतेस काय? काथ्याने घास, लगेच पूस, गॅसवर कोरडा कर आणि तेलाचं बोट फिरव. वापरला नाहीस ना? न वापरला की असंच होतं."

मी काथ्याने घासला. पण तेलाच्या बाबतीत अतिहुशारी केली. एक बोट तेलाने चांगला होतो तर अर्धी वाटी तेलाने किती चांगला होईल! तवा तापवला, गार केला, तर वर ही डिंकासारखी चिकट साय. मग इंटरनेटवर दोन रात्री घालवल्यावर कळलं ते असं: तेलाचा अगदी पातळ थर चांगला तापला की त्याचं पॉलिमर होतं, म्हणजे लोखंडाला घट्ट धरून बसलेला कडक पापुद्रा. तो काळा तुकतुकीतपणा म्हणजे तोच. थर जाड दिला तर तो धड वाळत नाही, चिकटच राहतो. म्हणून तेल लावायचं आणि चुकून लावलं गेलं अशा थाटात पुसून काढायचं. साबणाला फार घाबरायला नको, साधा भांड्यांचा साबण थोडासा चालतो. रात्रभर सिंकमध्ये भिजत ठेवणं मात्र गुन्हा. (आमच्याकडे कामाला येणाऱ्या मावशींच्या हातात तारेची घासणी दिसली की मी अजूनही तवा घेऊन बेडरूममध्ये पळते.)

पहिला प्रयोग ऑफकोर्स घावनांचा. एक वाटी तांदळाचं पीठ, सव्वादोन वाट्या पाणी, मीठ. पीठ ताकासारखं पातळ हवं. ते सारखं खाली बसतं, म्हणून दरवेळी तळापासून ढवळूनच डाव भरायचा. आणि डोशासारखं पसरायचं नाही! तव्याच्या कडेने गोल ओतत आत यायचं, भोकं पडतात ती पडू द्यायची, वर झाकण. कडा आपणहून सुटल्या की उलटायचं. माझं पहिलं घावन सुटलं नाही. दुसरं सुटलं नाही. तिसरं आम्ही दोघींनी उलथन्याने खरवडून 'तांदळाची भुर्जी' म्हणून खाल्लं.

चूक तव्याची नव्हती, घाईची होती. बीड सगळीकडे सारखं तापतं असं लोक बिनधास्त सांगतात. तसं काही नाही. ते अॅल्युमिनियमपेक्षा खूपच सावकाश तापतं, आणि आपल्या गॅसची ज्योत मधोमध असेल तर मध्ये आग आणि कडेला थंडाई. बारीक गॅसवर सात-आठ मिनिटं द्यावीच लागतात. पाण्याचे थेंब टाकल्यावर ते तव्यावर नाचत पळाले पाहिजेत. पण एकदा तापलं की मग गार पीठ घाला, काही घाला, त्याची उष्णता पटकन उतरत नाही. घावनाला ती जाळी पडते ती त्यामुळेच. आई अर्धा कांदा काट्याला टोचून, तेलात बुडवून दोन घावनांच्या मध्ये तव्यावर फिरवते. तो कांदा आला आणि चौथ्या दिवशी माझं पहिलं अख्खं घावन ताटात पडलं. मी फोटो काढून आईला पाठवला. उत्तर आलं, "जाड आहे."

ऑगस्टपर्यंत मी इतकी फॉर्मात आले होते, की रविवार पेठेत जाऊन बिडाची कढई घेऊन आले. दुकानातल्या काकांनी कढई हातात देताना बजावलं होतं, "ताई, पाडू नका आणि तापलेलीवर पाणी मारू नका." काकांचं ऐकायला हवं होतं.

कारण थालीपीठ. कढईतलं थालीपीठ तुम्हाला माहीत असेल: गार कढईत तेल लावून भाजणीचा गोळा थापायचा, बोटाने भोकं, भोकांत तेल, झाकण, मंद गॅस. खालून जी कुरकुरीत लाल खमंग बाजू येते, ती तव्यावर येत नाही. प्रॉब्लेम दुसऱ्या थालीपिठाचा, कारण तेव्हा कढई तापलेली असते. घरोघरी यावर एकच उपाय, कढई नळाखाली उपडी धरायची. मीही धरली. 'टण्ण' असा आवाज आला आणि कढईच्या बुडापासून कडेपर्यंत केसासारखी रेघ. गेली! सोळा दिवसांची होती.

झालं काय, तर बीड म्हणजे ओतीव लोखंड. वितळलेलं लोखंड वाळूच्या साच्यात ओततात, म्हणून बिडाच्या भांड्याचा पृष्ठभाग बारीक खरबरीत असतो. आपल्या कोल्हापूरच्या शिरोली, गोकुळ शिरगावच्या फाउंड्र्यांमध्ये मशिनचे पार्ट ओततात तेही असेच. या लोखंडात कार्बन दोन टक्क्यांहून जास्त असतो, त्याने ते टणक होतं आणि ठिसूळही. बाजारात 'लोखंडी' म्हणून मिळणारा पातळ तवा पत्र्याचा असतो, तो पडला तर वाकतो. बीड वाकत नाही. तडकतं. आता मी पहिलं थालीपीठ नव्या कढईत थापते आणि पुढची ओल्या फडक्यावर थापून तापलेल्या तव्यावर उलटी टाकते. कुरकुरीतपणा साधारण ऐंशी टक्के. चालतंय.

या दुसऱ्या कढईत सगळ्यात जास्त वेळा होतं ते पिठलं. रात्री साडेनऊला ऑफिसातून आलेल्या माणसाला याच्याइतकं कोण समजून घेणार! फोडणीत लसूण आणि मिरची जरा जास्त, पिठलं शिजल्यावर गॅस बंद करून पाच मिनिटं तसंच राहू द्यायचं. कढई तापलेलीच असते, खाली खरवड धरते. आमच्या घरात दोन मुलींची मैत्री त्या खरवडीवरून दोनदा धोक्यात आलेली आहे.

आंबट मात्र जपून. चिंच, टोमॅटो, आमसूल बिडात फार वेळ उकळलं की तेलाचा थर उतरतो आणि जेवणाला लोखंडाची चव येते. वांग्याची भाजी काळपट पडते. विष नसतं ते, पण ऑफिसच्या डब्यात ती उघडली की शेजारचा विचारतो, "हे काय आहे?"

आणि हो, हिमोग्लोबिन. मागच्या वर्षी माझं ९.८ निघालं होतं. आईला अर्थातच खात्री की तव्याने वाढेल. बिडात शिजवलेल्या अन्नात लोह उतरतं हे खरं, विशेषतः ओलसर, आंबट आणि जास्त वेळ शिजणाऱ्या पदार्थांत. घावनातून कितीसं येणार? २०१९-२१च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत १५ ते ४९ वयातल्या ५७ टक्के बायका अॅनिमिक निघाल्या होत्या. तेव्हा गोळ्या घ्या. तवाही वापरा, पण गोळ्या घ्या.

सप्टेंबरमध्ये बाबांचा फोन आला. आमचे बाबा फोन करत नाहीत, आईच्या फोनवर मागून बोलतात. त्यामुळे मी आधी घाबरलेच.

"पुण्यात हाताचा चांगला डॉक्टर बघ गं. आईचं मनगट."

"कधीपासून?"

"थंडीपासूनच दुखतंय. फेब्रुवारीत तवा निसटला हातातून. फरशीचा टवका उडाला. तुला सांगू नको म्हणाली."

मी काहीच बोलले नाही. तो तवा मी कौतुकाने कोपऱ्यावरच्या रद्दीवाल्याच्या काट्यावर ठेवून पाहिला होता. अडीच किलो. वर घावन नाही, पीठ नाही, नुसता तवा. एसटीत ती शेवटपर्यंत बसून का राहिली, पिशवी घ्यायला मला वर का बोलावलं, चिपळूणला ती पिशवी बाबांनी चढवली असणार, हे सगळं मला चार महिन्यांनी एका फोनवर कळलं. आणि मी हिंट शोधत बसले होते!

ऑक्टोबरमध्ये आई आली. डॉक्टरांनी मनगटाला पट्टा दिला, वजन उचलायचं नाही म्हणून सांगितलं. दुसऱ्या दिवशी सकाळी मी तवा तापत ठेवला. आई ओट्याशी खुर्ची ओढून बसली आणि सवयीने तिचा उजवा हात तव्याच्या कडीकडे गेला.

"आई, मी उचलते."

"तूच उचल. डाव मला दे. तू जाड घालतेस."

पहिलं घावन चिकटलं. मी ते डब्याकडे न्यायला लागले तर म्हणाली, "टाकतेस काय? पहिलं तव्याचंच असतं," आणि ताटलीत घेऊन गुळाच्या खड्याबरोबर खाल्लं. मग ती डाव्या हाताने ओतायची, मी झाकण ठेवायची, उलटायची, मधूनमधून कांदा फिरवायची. तिचं डाव्या हाताचं घावनही माझ्यापेक्षा पातळ. अकरा झाली. रूममेट पाच खाऊन ऑफिसला उशिरा गेली.

"सध्या कशावर करतेस तिकडे?" मी विचारलं.

"बाबांनी नॉनस्टिक आणलाय. हलका आहे." मग थोडं थांबून, "जाळी नाही पडत."

मी तवा खाली उतरवला, थोडा निवू दिला, पुसला. आई खुर्चीवरून बघतच होती.

"तेल लाव," म्हणाली. "एवढं नको. पूस ते."