फळ्यामागचे डबे आणि आठवीतला टॅब

एल्फिन्स्टन हायस्कूलमध्ये शिक्षकांनी भीमरावांना फळ्यावर गणित सोडवायला बोलावले आणि वर्गात एकच गोंधळ उडाला. सवर्ण मुलांचे जेवणाचे डबे फळ्यामागे ठेवलेले होते. भीमराव फळ्याजवळ पोहोचण्याआधी पोरांनी धावत जाऊन ते बाजूला काढले. धनंजय कीर यांच्या चरित्रात हा प्रसंग आहे. आपण तो दर जयंतीला अस्पृश्यतेचा दाखला म्हणून सांगतो. आम्ही आज तो शिक्षणाच्या साधनाचा दाखला म्हणून सांगतो आहोत. त्या काळी वर्गातले सर्वात मोठे साधन फळा हेच होते. फळा तर होताच. भांडण होते ते त्याला हात कोणी लावायचा याचे.

आता मुंबई महापालिकेच्या शाळांकडे या. २०११ मध्ये व्हर्च्युअल क्लासरूम आले. एक शिक्षक स्टुडिओत बोलतो आणि अनेक शाळांतली मुले त्याला पडद्यावर पाहतात. २०१५ मध्ये आठवीच्या मुलांना टॅब वाटले गेले. आम्ही टॅबच्या विरोधात नाही, हे आधीच सांगून टाकतो. ‘झोपडपट्टीतल्या पोरांना कशाला हवेत टॅब’ म्हणणाऱ्यांच्या घरात पोरांच्या हाती काय काय असते, ते आम्हाला चांगले ठाऊक आहे.

पण आठवीच का? आपल्या राज्यात मुलाची विज्ञानाशी ओळख तिसरीच्या परिसर अभ्यासापासून होते. सहावीपासून सामान्य विज्ञान. म्हणजे टॅब हातात येईपर्यंत पाच वर्षे निघून गेलेली असतात. आठ वर्षांचे पोर दिवसभर ‘का?’ विचारते. तेरा वर्षांचे होईस्तोवर त्याला गप्प बसायची सवय लावलेली असते. मग त्याला यंत्र द्यायचे, आणि त्या यंत्रातही पुन्हा धडाच. आधी मास्तर बोलायचे, आता पडदा बोलतो. ऐकणारा तोच राहिला.

यावर कोणी म्हणेल, दुसरा मार्ग तरी काय? मार्ग याच शहरात शोधला गेला आहे. टाटा मूलभूत संशोधन संस्थेने १९७४ मध्ये होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्र सुरू केले. मानखुर्दला जाण्यापूर्वी ते गिरगावाजवळच्या नाना चौकात, महापालिकेच्या शाळेत चालायचे. होय, महापालिकेच्याच शाळेत! वि. गो. कुलकर्णी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८० च्या दशकात तिथे एक काम केले, जे आपल्या प्रत्येक कार्यकर्त्याला माहीत असायला हवे. त्यांनी महापालिका शाळांतली अनुसूचित जातीची मुले निवडली आणि काही वर्षे नेमाने त्यांना शिकवले. शाळेत त्यांना जे मिळत नव्हते ते दिले: प्रयोग, प्रश्न विचारायची मोकळीक, आणि समजेल अशी भाषा. शालान्त परीक्षेत या मुलांचे यश ठळकपणे वाढले. पुस्तकातली भाषा सोपी केली की विज्ञान कळायला लागते, हेही याच केंद्राच्या अभ्यासातून पुढे आले.

‘यांच्यात गुणवत्ताच नसते’ ही आरक्षणविरोधकांची आवडती ओळ. तिला उत्तर नाना चौकात दिले गेले, तेही टॅबशिवाय. आपण मात्र हा दाखला कधी वापरत नाही.

चैत्यभूमीच्या मागे समुद्र आहे. दादरच्या शाळेतल्या तिसरीच्या मुलांना आठवडाभर रोज तिथे न्या. पाणी सर्वात वर कधी येते त्याची वेळ लिहायला लावा. भरती रोज साधारण पन्नास मिनिटांनी पुढे सरकते, हे पोरे स्वतः शोधून काढतील. मग चंद्राबद्दल विचारतील. टॅब द्यायचाच असेल तर इथे द्या, फोटो काढायला, वेळ नोंदवायला, सात दिवसांचे फोटो शेजारी ठेवून पाहायला. हेच मासळी बाजारातल्या बर्फाचे. गोणपाटात गुंडाळलेली लादी लवकर का वितळत नाही, याचा व्हिडिओ दाखवण्यापेक्षा दोन वाट्यांत बर्फ ठेवा, एक वाटी गुंडाळा. खर्च किती? जवळजवळ शून्य. लागते ती वेळ आणि मोकळीक, आणि शिक्षकाला निवडणुकीच्या, जनगणनेच्या कामातून ती मिळत नाही. यावर मोर्चा निघायला हवा, पण आपण चौदा एप्रिलच्या डीजेच्या बजेटवर बैठका घेतो. असो.

२००९ च्या शिक्षण हक्क कायद्याने महापालिकेच्या प्रत्येक शाळेला व्यवस्थापन समिती बंधनकारक केली आहे. तिच्यात तीन चतुर्थांश सदस्य पालक हवेत, निम्म्या महिला हव्यात, वंचित घटकांच्या पालकांना त्यांच्या प्रमाणात जागा हवी. परळ, लालबाग, नायगाव, वरळी, सगळीकडे आपल्या वस्तीतल्या आया या समितीवर बसू शकतात. अनेक ठिकाणी त्यांची फक्त सही घेतली जाते. तरुणांनो, त्यांच्यासोबत जा. टॅब किती आले हे नंतर विचारा. आधी विचारा, शाळेत भिंग आहे का, लोहचुंबक, तराजू, तापमापक आहे का. असेल तर कोणत्या कपाटात आहे, त्याची किल्ली कोणाकडे असते, आणि तिसरीतल्या पोराने ते शेवटचे हातात कधी घेतले.