पळतीचा हिशेब

खो-खोच्या सामन्याची बातमी वाचताना एक गंमत ध्यानात येते. क्रिकेटवाल्याच्या नावापुढे धावा, कबड्डीवाल्याच्या नावापुढे गुण; पण पळती करणाऱ्याच्या नावापुढे चक्क वेळ! अमक्याने २ मिनिटे १० सेकंद संरक्षण केले. बचावाला घड्याळाने मोजणारा दुसरा खेळ आमच्या उंब्रजच्या पंचक्रोशीत तरी नाही.

माझे भांडण आहे ते या घड्याळाशी. मैदानात एका वेळी तिघांची तुकडी उतरते. समोर आठजण बसलेले, नववा पाठीवर. तो लागतो एकाच्याच मागे; उरलेले दोघे तेवढ्यात कडेला दम खातात. गडी कितव्या सेकंदाला बाद झाला ते कागदावर येते. मधल्या वेळात कोणाच्या पायांचे तुकडे पडले, ते येत नाही.

म्हणून सामन्याला जाताना मी खिशात वही नेतो आणि खो मोजतो. समजा, दोघी मुली दीड-दीड मिनिट टिकल्या. एकीमागे ८ खो पडले, दुसरीमागे २२. घड्याळाला दोघी सारख्याच! पण प्रत्येक खो म्हणजे बसून विसावलेली, ताज्या दमाची, नव्या कोनातून उठणारी नवी वैरीण. त्या दुसरीने बावीसजणींना हुलकावणी दिली, हे सांगायला नको का?

हे खूळ माझ्या एकट्याचे नव्हे, बरे का. अमेरिकेत कॉलेजांच्या फुटबॉलमध्ये (तो चेंडू हातात घेऊन पळण्याचा खेळ आहे, पण असो) बचावाने एकूण किती यार्ड दिले एवढ्यावर जाणकार थांबत नाहीत. प्रतिपक्षाला चाली जास्त मिळाल्या तर यार्डही वाढणारच. म्हणून ते दर चालीमागचे यार्ड काढतात. आमच्याकडे कबड्डीत चढाईवाला हात हलवीत परतला, तर त्याला कोंडणाऱ्या कोपऱ्यातल्या गड्याच्या नावावर काय पडते? शून्य!

२०२५च्या जानेवारीत दिल्लीला खो-खोचा पहिला विश्वचषक झाला. प्रतीक वाईकर आणि प्रियांका इंगळे यांच्या नेतृत्वाखाली आपल्या पुरुषांनी व महिलांनी नेपाळला हरवून दोन्ही चषक जिंकले. तिथे ‘ड्रीम रन’ होता: तुकडी ठरावीक वेळेपलीकडे टिकली की बचावालाही गुण. हे मला पटले, कारण तो गुण तुकडीचा असतो.

आता मुद्द्याचे. आमच्या आळीतली एक पोरगी, बाप वडापची जीप चालवतो, कॉलेजच्या संघातून गळली. कारण? मिनिटे कमी. अहो, कमी असणारच! तुकडी उतरली की ही मुद्दाम पाठलाग अंगावर ओढून घेते. सोबतीणी ताज्या राहतात, त्यांची मिनिटे वाढतात. माझ्या वहीत सर्वांत जास्त खो तिच्याच मागे पडलेले.

वही घेऊन मी सरांकडे गेलो. ते हसले. म्हणाले, “काका, निवड समितीपुढे ही वही कशी ठेवू?”

“ठेवू नका,” मी म्हटले. “तिला वगळून एक सराव सामना लावा, आणि बाकीच्या दोघींची मिनिटे बघा.”

सरांचे हसणे थांबले. येत्या शनिवारी चारला सामना लावलाय. खो मोजायला त्यांनी मलाच बोलावले आहे.