पाटण्याचे मणी

चाळीसगावजवळचे पाटणे हे गाव आपल्याच जळगाव जिल्ह्यातले. १९७०च्या दशकात तेथील उत्खननात डॉ. साळी यांना शहामृगाच्या अंड्याच्या कवचाचे मणी सापडले. वय सुमारे २५,००० वर्षे! ते घडविणाऱ्यास ना वर्ण ठाऊक होता, ना जात. ब्रह्म्याच्या मुखातून ब्राह्मण व पायांतून शूद्र, ही मनुस्मृतीची कथा कोणत्याच थरात सापडत नाही. तरीही २०२३ साली एनसीईआरटीने दहावीच्या पुस्तकातून उत्क्रांती वगळली. संविधानाचे ५१-क कलम वैज्ञानिक दृष्टी हे नागरिकाचे कर्तव्य मानते. मग ती शिकविणे कोणाचे कर्तव्य? जळगाव-धुळ्याच्या महाविद्यालयात मानवाच्या उत्पत्तीवर परिषद भरेल, तेव्हा एका दिवसाची मजुरी बुडाली तरी मुलामुलींना घेऊन जा. पुढच्या बाकावर बसवा.