गवत कापण्याचे यंत्र घेताना

मोठ्या गवताळ रानाचा मालक यंत्र घेण्यास निघाला, की प्रथम अश्वशक्ती व किंमत विचारतो. आमच्या मते पहिला प्रश्न निराळा असावा : कापलेले गवत गोठ्यात जावयाचे, की रानातच कुजावयाचे?

वैरण हवी असल्यास कातरीप्रमाणे मागेपुढे सरकणाऱ्या पात्यांचे यंत्र घ्यावे. ते काडी बुडाशी कापून आडवी पाडते. पेंढ्या बांधता येतात. ट्रॅक्टरमागील गरगर फिरणारे स्लॅशर गवताचे तुकडे करून विखुरते. बागेतील तण छाटण्यास ते ठीक. वैरणीची मात्र नासाडी होते.

दुसरा विचार जमिनीचा. सातबारावर क्षेत्राचा आकडा असतो. ओघळ, उतार व दगड कोठे, हे मालकानेच फिरून पाहावे. दगडांत कातरीची पाती मोडतात. तीव्र उतारावर ट्रॅक्टर नेणे जिवावर बेतते; तेथे विळा किंवा खांद्यावरील ब्रश कटर बरा. फिरत्या पात्याने खडे उडतात, म्हणून डोळ्यांस चष्मा लावावा व माणसे-गुरे दूर ठेवावीत.

तिसरा हिशेब वेळेचा. दीड मीटर रुंदीचे यंत्र ताशी ४ किलोमीटर चालले, तर तासात ६,००० चौरस मीटर, म्हणजे जवळजवळ दीड एकर रान निघते. वळणांमुळे काही कमी. आपल्याकडील कुसळी गवत फुलोऱ्यावर असतानाच कापले पाहिजे. पुढे कुसळे गुरांच्या तोंडास टोचतात व गवताचा कसही उतरतो. त्या थोड्या दिवसांत रान उरकेल एवढेच यंत्र पुरे. एरवी ते गंजत पडणार असेल, तर चौघांनी मिळून घ्यावे अथवा भाड्याने आणावे.

वैशाखात दावणीची गुरे वैरणीवाचून उभी राहू नयेत, एवढ्याच हेतूने आमच्या शेतकरी बंधूंनी ही खरेदी करावी.